बागेतला ‘कचरा’ आणि आपला मोबाइल

निसर्गाचे फोटो म्हटलं की डोळ्यांसमोर येतो ताडोब्याचा वाघ आणि हातभर लांब लेन्सचा कॅमेरा. मग आपण म्हणतो, ‘हे काही आपलं काम नाही बाई!’ पण मैत्रिणींनो, घराजवळची बाग आणि पर्समधला मोबाइल एवढंही पुरतं.

वेळ? मुलांचे डबे झाले की अर्धा तास. सकाळी ऊन कोवळं असतं. गारठलेली फुलपाखरं पंख पसरून ऊन खात बसतात, दुपारी तीच हाती लागत नाहीत. आधी मऊ सुती कापडाने लेन्स पुसा. मग चक्क खाली बसा. फुलाच्या, किड्याच्या उंचीवर मोबाइल नेला की फोटोत जीव येतो. झूम फार करू नका, फोटो फाटतो. त्यापेक्षा दोन पावलं पुढे सरका, पण हळूच आणि आपली सावली पडू न देता. घरट्यापासून मात्र लांबच राहा. घाबरलेली पक्षीण घरटं सोडून जाऊ शकते. ‘लोक काय म्हणतील’ असं वाटत असेल तर दोघी-तिघी मिळून जा.

आमच्या महिला मंडळातल्या सात-आठजणी दर रविवारी एकाच बागेत जातात. गुलाबाचे ताटवे कुणीही टिपतं. खरी गंमत असते ती कुंपणाकडच्या रुई-टाकळ्याच्या रानात. रुईच्या पानांवर काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या सापडतात. त्यांचीच पुढे केशरी फुलपाखरं होतात. टाकळ्यावर पिवळी फुलपाखरं अंडी घालतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं निळं-काळं ‘ब्ल्यू मॉरमॉन’ लिंबाच्या जातीची झाडं शोधतं. म्हणजे कुंडीतल्या लिंबाचं पान कुरतडलेलं दिसलं, तर औषध मारण्याआधी मोबाइल काढा!

गेल्या पावसाळ्यानंतर बागेतला हा कोपरा ‘कचरा’ म्हणून साफ करून तिथे पेव्हिंग ब्लॉक बसवायचं ठरलं. नुसतं तोंडी सांगून कोण ऐकणार? पण आमच्याकडे तारखेनिशी फोटो होते. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू, सगळं त्याच कोपऱ्यातलं. चाळीस फोटो छापून घेतले आणि मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर मांडले. साहेबांनी प्रत्येक फोटो हातात घेऊन पाहिला. अर्ध्या जागेवर ब्लॉक बसलेच, पण अर्धा कोपरा वाचला. अर्जावर अर्ज करून जे झालं नसतं, ते फोटोंनी केलं.

म्हणून सांगते, सुंदर फोटो आला नाही तरी चालेल, तारीख आणि जागा मात्र लिहून ठेवा. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना होते. २०१३पासून भारतातले लोकही तीत भाग घेतात. बागेतल्या बुलबुलाची नोंदही तिथे मोजली जाते.

येत्या रविवारी घराजवळचं एकच झाड निवडा आणि वर्षभर त्याचेच फोटो काढा. त्या झाडावर उद्या कुणी कुऱ्हाड घेऊन आलं, तर त्याच्या बाजूने बोलायला तुमच्याकडे पुरावा असेल.