रोग्याशीं बोलण्याची तालीम

नाडी कशी पाहावी हें वैद्यकाच्या विद्यार्थ्यास शिकवावें लागतें, याविषयीं कोणास शंका नाहीं. परंतु रोग्याशीं कसें बोलावें हेंही शिकवावें लागतें असें म्हटलें, कीं पुष्कळ सुज्ञ गृहस्थ हंसतात. बोलणें ज्याचें त्यास येतेंच, अशी त्यांची समजूत! आम्हांस ती पटत नाहीं.

अमेरिकेंत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांतील मज्जातंतुविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनीं १९६३ सालीं एका निरोगी स्त्रीस पाय लुळे पडलेल्या रोगिणीचें सोंग पढवून विद्यार्थ्यांपुढें आणिलें. खरा रोगी जें भिडेनें बोलत नाहीं, तें सोंग घेणाऱ्यास उघड सांगतां येतें: तुम्ही माझ्याकडे पाहिलें नाहीं, माझें वाक्य मध्येंच तोडलें. आपल्याकडेही २०१९ पासून एम्. बी. बी. एस्.च्या अभ्यासक्रमांत वृत्ति, नीति व संवाद यांना स्थान मिळालें आहे.

आतां हे पाठ संगणकाच्या पडद्यावरूनही देतात. संवाद दाखवावा, थांबवावा, पुन्हा पाहावा, ही सोय मोठी. मात्र पडद्यावरचा रोगी रडूं लागला, तर पाहणाऱ्यास कांहींच करावें लागत नाहीं. समोर रोगी होऊन बसलेला सहाध्यायी गप्प राहिला, म्हणजे ती स्तब्धता सोसणें किती कठीण तें कळतें.

खरा पेंच अशुभ वार्तेचा. २००० सालीं रॉबर्ट बकमन प्रभृति तज्ज्ञांनीं तीसाठीं सहा पायऱ्यांचा क्रम मांडला. रोग्यास काय ठाऊक आहे व किती जाणावयाचें आहे हें आधीं विचारावें, असें त्यांत आहे. उलट चरकसंहितेच्या विमानस्थानांत, रोग्याचें आयुष्य सरत आलें हें जाणूनही, जेथें सांगितल्यानें त्यास वा इतरांस आघात होईल तेथें सांगूं नये, अशी शिष्यास आज्ञा आहे. विरोध दिसतो खरा. परंतु रोग्याचें मन पाहिल्यावांचून तोंड उघडूं नये, हें दोहोंस मान्य आहे.

आमच्या घरांत मात्र तिसरें पात्र असतें. आईची गांठ कर्करोगाची निघाली, आणि दाराबाहेर मुलगा हात जोडून म्हणतो, "डॉक्टरसाहेब, आईला कांहीं सांगूं नका." आंत ती म्हातारी विचारते, "बाबा, खरं सांग, काय निघालं?" हा प्रवेश प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयांत बसवावा. एकानें मुलगा व्हावें, दुसऱ्यानें आई. मग भूमिका बदलाव्या. मुलास नियम ऐकवून भागत नाहीं, त्याची भीति आधीं ऐकून घ्यावी लागते. आणि म्हातारीशीं खोटेंही बोलतां येत नाहीं. प्रवेश संपतांच शिक्षकांनीं गुणदोष सांगूं नयेत. आई झालेल्या विद्यार्थ्यास आधीं विचारावें: हे आपल्यापासून कांहीं लपवीत आहेत, असें तुला केव्हां वाटलें?