उन्हाळा पचवून शरदात फुलणारी डॅफोडिल्स
लेखमाला : कंद आणि ऋतू – लेखांक ९

नाशिक जिल्ह्यात निफाड, येवला, सिन्नरकडे डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या वाफ्यातून मध्येच एखादा जाड, पोकळ दांडा वर येतो. टोकाला पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला कळ्यांचा गोंडा. शेतकरी त्याला डेंगळे म्हणतो आणि ते दिसलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. डेंगळे आलेला कांदा पोसत नाही, चाळीत टिकत नाही, लिलावात त्याला भाव मिळत नाही. सगळा जोर फुलाकडे गेलेला असतो.

फुलवेड्या माणसाला मात्र कंदाकडून हवे असतात ते डेंगळेच! कांदा आणि डॅफोडिल ही तशी भावकीच आहे. २००९ साली जाहीर झालेल्या एपीजी-३ वर्गीकरणाने कांदा-लसणाचं जुनं वेगळं कूळ मोडलं आणि त्यांना डॅफोडिलच्या अ‍ॅमरिलिडेसी कुळात आणून बसवलं. दोघांची ठेवणही सारखीच : जमिनीत पदरापदराचा कंद, पानं नसलेला दांडा, कळ्यांवर पापुद्रा. फरक आहे तो वासाचा. कापल्यावर उग्र वास मारतो आणि डोळ्यांत पाणी आणतो तो कांदा. डॅफोडिलच्या कंदाला तो वास नसतो, त्याऐवजी लायकोरिन नावाचं विष असतं. त्याने उलट्यांचा मारा होतो. ज्या जिल्ह्यात घरोघरी कांद्याची पोती असतात, तिथे फुलांचे कंद स्वयंपाकघरापासून लांब ठेवलेले बरे.

बागप्रेमींची नेहमीची निराशा म्हणजे पिवळ्या कर्ण्याचं डॅफोडिल. ऑनलाइन कंद येतात, कुंडीत लागतात, पाती हिरवीगार होतात आणि फूल काही येत नाही. कारण थंडीचं आहे. या जातींच्या कंदात कळी उन्हाळ्यातच तयार होते, पण तिचा दांडा नीट वाढायला साधारण १२ ते १५ आठवडे ९ अंशांखालची सलग थंडी लागते. निफाडचा पारा हिवाळ्यात अनेकदा ५ अंशांच्या खाली जातो, वर्तमानपत्रांत त्याचे फोटोही येतात. पण ती पहाटेची थंडी. दुपारी पारा पुन्हा पंचविशीच्या पुढे जातो. तेवढ्या गारव्यावर कांद्याला डेंगळे येतात, पण कर्णेवाल्या डॅफोडिलला तो पुरत नाही.

डॅफोडिल्सची एक शाखा मात्र थंडीची वाट बघत बसत नाही. स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को इथल्या रानात ती सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात फुलते. तिकडचा पाऊस हिवाळी, उन्हाळा कोरडा ठणठणीत. चार-पाच महिने भाजून निघालेल्या जमिनीवर शरदातला पहिला पाऊस पडला की फूल थेट मातीतून वर येतं. बहुतेक जातींत तेव्हा पानाचा पत्ता नसतो. सह्याद्रीत मृगाच्या सरींबरोबर हेच घडतं. क्रायनम ब्रॅकिनेमा हे महाबळेश्वर परिसरातलं फक्त उत्तर सह्याद्रीत आढळणारं कंदफूल पानांआधीच फुलून मोकळं होतं. कंदाला पंचांग कळत नाही. कोरडा ताप आणि मग ओल, एवढा क्रम त्याला पुरतो. इकडे ती ओल जूनमध्ये मिळते, तिकडे ऑक्टोबरमध्ये.

आता ओळख. या मंडळींतली सर्वांत प्रसिद्ध जात नार्सिसस सेरोटिनस; लिनियसने १७५३ साली तिला नाव दिलं. बहुधा एका दांड्यावर एकच फूल, अडीच-तीन सेंटिमीटरचं, सहा पांढऱ्या पाकळ्या आणि मध्यभागी पिवळा पेला. पेला म्हणजे शब्दशः ठिपका, दोन मिलिमीटरही नाही. कर्ण्याची सवय झालेली नजर तो शोधतच राहते. नार्सिसस एलेगन्सला मात्र फुलांसोबत पानं असतात आणि एका दांड्यावर अनेक अरुंद पाकळ्यांची फुलं. व्हिरिडिफ्लोरस तर अंगभर हिरवं : पाकळ्या हिरव्या, पेला हिरवा, दांडा हिरवा. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवर ते चिकट मातीत उगवतं आणि रात्री घमघमतं. गवतात डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळतं. कॅव्हानिलेसी पिवळं आणि बुटकं. त्याचा पेला जवळजवळ नाहीसाच झालेला, म्हणून एके काळी त्याला डॅफोडिल म्हणायलाच वनस्पतिशास्त्रज्ञ तयार नव्हते आणि त्याच्यासाठी वेगळी प्रजाती मांडली गेली होती.

सेरोटिनस आणि व्हिरिडिफ्लोरस यांची एक खोड जवळून बघण्यासारखी आहे. ज्या वर्षी कंद फुलतो त्या वर्षी बहुतेक वेळा तो पान काढतच नाही. मग अन्न कोण तयार करतं? दांडा. फूल सुकलं तरी तो हिरवागार आणि ताठ राहतो आणि पानाचं काम करतो. न फुललेले कंद मात्र सुतळीसारखं एखाद-दुसरं पान काढतात. ‘फूल संपलं, आता दांडा छाटू’ म्हणून कात्री चालवणारा माळी अशा कंदाचा वर्षाचा शिधाच कापतो.

भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची नारिंगी पेल्याची, एका दांड्यावर दोन-तीन फुलं धरणारी झाडंही बरीच वर्षं सेरोटिनस म्हणूनच नोंदली जात होती. त्यांची गुणसूत्रं मोजली तेव्हा ३० निघाली. सेरोटिनसची १०, एलेगन्सची २०. बेरीज सरळ आहे : दोघांच्या संकरातून उभी राहिलेली ही तिसरी जात. २००५ मध्ये तिला मिनिएटस नाव मिळालं. त्यानंतर कुणी जुनं ऑब्सोलेटस हे नाव पुढे केलं, कुणी डेफिसिएन्स. नावाचा हा वाद हौशी माणसाने बाजूला ठेवला तरी चालेल. पेल्याचा रंग आणि दांड्यावरची फुलं एवढं पाहिलं तरी ओळख पटते.

नाशिकच्या बागांत याच कुळातले तोतये भरपूर आहेत. श्रावणापासून पुढे फुलणारी पांढरी रेन लिली लांबून सेरोटिनससारखी भासते, पण तिच्यात पेला अजिबात नसतो आणि ती मूळची दक्षिण अमेरिकेची. इंग्रजी पुस्तकांत ‘शरदातलं डॅफोडिल’ म्हणून दाखवलं जाणारं पिवळंधमक स्टर्नबर्जियाही डॅफोडिल नव्हे. त्यालाही पेला नाही. सह्याद्रीच्या गवताळ माथ्यांवर पावसाच्या सुरुवातीला उमलणाऱ्या पांढऱ्या पॅन्क्रॅशियमला मात्र पेला आहे आणि त्यामुळेच घोटाळा होतो. तिथे पुंकेसर बघायचे. पॅन्क्रॅशियममध्ये पुंकेसर पेल्याच्याच काठावरून निघतात, किंबहुना पेला त्यांच्याच बुडख्यांचा बनलेला असतो. डॅफोडिलचे पुंकेसर पेल्याच्या आत, त्याच्यापासून सुटे असतात. नदीनाल्यांकाठच्या क्रायनमला पेलाच नसतो आणि त्याचं बी मांसल, हिरवं, पाण्याशिवायही अंकुर फोडणारं; पॅन्क्रॅशियम आणि डॅफोडिलचं बी काळं.

उन्हाळ्यातल्या झोपेतच फुलाची तयारी होते ही गोष्ट पटायला जड जाते, म्हणून इंग्लंडच्या नैर्ऋत्येला असलेल्या सिली बेटांचं उदाहरण घ्यावं. तिथले शेतकरी ‘सोलेल दॉर’ नावाचं नर्गिस कुळीचं डॅफोडिल पिकवतात. उन्हाळ्यात कंद झोपलेले असताना शेतावर पेंढा जाळायची तिथे रीत होती, कारण तसं केलं की फुलं लवकर आणि जास्त येतात. पुढे लक्षात आलं की जादू आचेपेक्षा धुरात आहे. धुरातला इथिलीन वायू कंदाला जागं करतो, केळी-आंबे पिकवणारा तोच इथिलीन. मग प्लॅस्टिकच्या कापडाखाली धूर कोंडायची पद्धत आली.

नाशिकपुरतं बोलायचं तर उन्हाचा प्रश्न नाही. प्रश्न पावसाचा आहे. जून ते सप्टेंबर हे या कंदांच्या गाढ झोपेचे महिने आणि नेमका तेव्हाच इकडे पाऊस कोसळतो. इगतपुरीकडे तर वर्षाला ३ हजार मिलिमीटरहून अधिक. उघड्यावरचा कंद सडणारच. म्हणून जमिनीत लावायचा विचार सोडून खोल कुंडी घ्यावी. मुरूम किंवा भरड वाळू अर्धी, पोयटा अर्धा, शेणखत जवळजवळ नाहीच. पाती पिवळी पडली की, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाणी पूर्ण तोडावं. कुंडी पत्र्याखाली किंवा पडवीत, पावसाचा थेंबही लागणार नाही अशा जागी ठेवावी. कडक उन्हाची धग हवी, पण एप्रिलच्या गच्चीवर तापलेल्या छोट्या कुंडीत कंद शिजतोही, तेव्हा सावलीतली गरमीच बरी. मोह पावसाळ्यात होतो : माती इतकी कोरडी बघवत नाही आणि हात झारीकडे जातो. तो आवरायचा. कोजागिरीच्या आसपास रात्री गार व्हायला लागल्या की एकदा कुंडीच्या तळातून निथळेल इतकं भरपूर पाणी घालावं आणि मग माती वरून सुकली की पुन्हा.

रोपं मिळवण्याचा खरा मार्ग बियांचा. कांद्याचं उळे टाकावं तसं बी दाट टाकू नये. एकेक बी बोटाच्या पेराइतकं खोल, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पहिल्या वर्षी केसासारखं एकच पान येतं आणि फुलाला तीन ते पाच वर्षं लागतात. परदेशातून बी किंवा कंद मागवायचे तर २००३ च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशातली कागदपत्रं आधी बघावीत; पाकिटात लपवून आणलेला कंद एखादा रोगही सोबत आणू शकतो, आणि हा कांद्याचा जिल्हा आहे. ज्यांना पाच वर्षं थांबवत नाही त्यांनी नर्गिसपासून सुरुवात करावी. त्याच्या ‘पेपरव्हाइट’ प्रकारांना थंडी लागत नाही. ऑक्टोबरमध्ये लावलेला कंद डिसेंबर-जानेवारीत फुलतो.

डोंगरातले स्थानिक कंद आणायचा मोह इथे जास्त धोक्याचा. अंजनेरीचा डोंगर २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथली अंजनेरीच्याच नावाची सेरोपेजिया ही वनस्पती २००६ साली जगापुढे आली आणि दुसरीकडे क्वचितच सापडते. तिचाही पाया जमिनीतल्या कंदावरच. एक कंद उपटला तर त्या उतारावरचं एक झाड कायमचं कमी होतं. कंद हलवावाच लागला तर तो असा : पोर्तुगालमध्ये ग्वादियाना नदीवरच्या अल्केव्हा धरणाचा जलाशय २००२ मध्ये भरू लागला, त्याआधी कॅव्हानिलेसीची बुडणारी वस्ती शास्त्रज्ञांनी मातीसकट उचलून दुसरीकडे लावली आणि मग वर्षानुवर्षं तिची मोजदाद ठेवली. अशा देखरेखीशिवाय स्थलांतर म्हणजे नुसती उपटाउपट.

पुढच्या लेखांकात सह्याद्रीतल्या क्रायनमकडे वळू. त्यातलं वूड्रोवी महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटवर शतकभरानंतर पुन्हा कसं सापडलं, तिथून सुरुवात.