बटवा, चंची व खलिता

पिशवी या अर्थाचे 'स्यूत' व 'प्रसेव' हे दोन शब्द अमरकोशांत एकत्र दिलेले आहेत. दोहोंच्या मुळाशीं 'सिव्' म्हणजे शिवणें हाच धातु आहे. फारसी 'कीसा' शब्दाचा अर्थही पिशवी असाच. त्यावरून मराठींत 'खिसा' आला, परंतु तो आतां वस्त्रासच जोडलेला असतो. धोतर व नऊवारी लुगडें यांस खिसा नसे. किरकोळ नाणें कनवटीस राही. पानसुपारी, औषध वा दागिना यांकरितां मात्र निराळें साधन लागे, व तें म्हणजे बटवा. युरोपांतही अठराव्या शतकाच्या अखेरीस स्त्रियांचे झगे तलम झाले, आंतले खिसे लपेनासे झाले, तेव्हां 'रेटिक्युल' नामक हातपिशवी प्रचारांत आली. हल्लीं सायंकालीन समारंभांत मुठींत धरली जाणारी 'क्लच' पिशवी त्याच कुळांतली होय.

बटव्याची रचना साधी पण चतुर आहे. कापडाच्या दुहेरी तुकड्यास तोंडाशीं चुण्या घालून त्यांतून दोन दोर्‍या परस्परविरुद्ध दिशांनीं ओंवतात. दोन्ही टोंकें ओढलीं कीं तोंड मिटतें. कडा फांकविल्या कीं उघडतें. टोंकांचे गोंडे केवळ शोभेचे नव्हत. त्यांमुळें दोरी निसटत नाहीं व ओढावयास पकड मिळते. चंची याहून भिन्न. ती कप्प्यांची लांबट पट्टी असून पान, सुपारी, कात यांस पृथक् स्थान असतें; ती घडी घालून दोरीनें गुंडाळतात. बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकर-लोणार भागांत बंजारा समाजाची वस्ती आहे. त्यांच्या पिशव्यांवर जाड सुताचे टांके, आरसे व कवड्या आढळतात. ज्यांचे पूर्वज बैलांच्या तांड्यांवरून धान्य वाहत फिरले, त्यांचें वैभव अंगावर व पिशवींत मावेल असेंच असावयाचें.

आपल्या वाचकांस विशेष महत्त्वाची ती खलित्याची पिशवी. 'खलिता' हा शब्द अरबी 'खरीता' म्हणजे पिशवी यावरून आला. दरबारी पत्र मलमलीच्या व तीवर किनखाबाच्या पिशवींत घालून, रेशमी दोरीनें बांधून, दोरीस लाखेची मुद्रा लावीत. पुढें पिशवीचेंच नांव पत्रास मिळालें. पिशवीचें कापड पाठविणार्‍याचा व घेणार्‍याचा दर्जा दाखवी. म्हणजे ती पत्राचें वेष्टन नव्हे, तर पत्राचाच भाग होय.

असें असतां संग्राहक कागद ठेवतात व पिशवी टाकतात, किंवा जुन्या बाजारांत निराळी विकतात. एकदां ताटातूट झाली म्हणजे कागदाचा एक साक्षीदार नाहींसा होतो व पिशवी निनांवी होते. सिंदखेडराजा, देऊळगांवराजा, मेहकर येथील जुन्या घरांतून सनदा व पत्रें जेव्हां हातीं येतील, तेव्हां ज्या बटव्यांत वा थैलींत तीं मिळालीं तिचें माप, कापड, अस्तर, दोरी व मुद्रेचा अवशेष यांची नोंद त्याच क्रमांकाखालीं करावी. पिशवी धुऊं नये, गांठ कापूं नये. धुतल्यानें लाखेचे कण व शाईचे डाग जातात, आणि गांठ कशी मारली होती हें पुन्हां कळण्यास मार्ग उरत नाहीं.