त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या

नागपूरच्या बर्डीवर दिवसभर ओरडून माल विकणाऱ्याचा घसा बसतो, तसा वर्गात शिकवणाऱ्या बाईंचाही. ताणाने स्वरतंतूंवर बारीक गाठी येतात. आवाज ३ आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला, तर मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात दाखवा. तंबाखूचा खर्रा खाणाऱ्याने तर थांबूच नये.

तोतरेपणाची गोष्ट वेगळी. मोठ्या माणसांत शंभरात साधारण १ जण अडखळतो, त्यांत पुरुष जास्त. कारण भित्रेपणा नव्हे. मेंदूतली बोलण्याची जुळणी आणि बरेचदा आनुवंशिकता. जिभेला वेखंड चाटवून ते जात नाही, वाचोपचाराने मात्र बोलणं सोपं होतं. ‘प-प-पाणी’ म्हणणाऱ्या पोराला “सावकाश बोल” असं दटावू नका, की त्याच्या तोंडचा शब्द हिसकावू नका. पाणी त्यालाच मागू द्या.