नाटक उभे राहण्यापूर्वी : हॅलिफॅक्समधील नाट्यवाचने

हॅलिफॅक्सच्या सॅकव्हिल रस्त्यावर, एका जुन्या नाट्यगृहाच्या वास्तूत, १ जुलै १९६३ रोजी बर्नार्ड शॉच्या ‘मेजर बार्बरा’ने ज्या नेपच्यून थिएटरचा शुभारंभ झाला, त्याच्या नावामागे याच नोव्हा स्कोशिया प्रांतातील पोर्ट रॉयल येथे १६०६ साली मार्क लेस्कार्बो नामक फ्रेंच वकिलाने पाण्यावर, होड्यांतून सादर केलेल्या नाट्यप्रयोगाची स्मृती आहे. (मूळच्या मिकमॉ लोकांकडून फ्रेंच सत्तेला मुजरा करविणाऱ्या त्या संहितेचे कौतुक आज निःशंकपणे करवत नाही, हे मात्र खरे.)

परंतु रसिकाने ज्याची विशेष दखल घ्यावी, ते म्हणजे या शहरातील नव्या नाटकांचे प्रकट वाचन. ना नेपथ्य, ना वेशभूषा. नट हाती संहिता घेऊन बसतात, रंगसूचना एक जण वाचतो, आणि जो संवाद लेखणीतून उतरताना लेखकाला सुवर्णमय भासला होता, तो नटाच्या मुखी अडखळताच त्याचे वैगुण्य श्रोत्यांच्या चुळबुळीतून निर्विवाद शाबीत होते. बंदराच्या पलीकडे, डार्टमथ येथे १९९३ साली गे हाउझर, मेरी व्हिंगो व वेंडी लिल यांनी स्थापिलेल्या ईस्टर्न फ्रंट थिएटरने अटलांटिक प्रदेशातील लेखकांच्या नवनाट्याचा असाच पुरस्कार केला.

अभिवाचनाची गोडी मुरलेल्या येथील मराठी मंडळींनी अशा वाचनास अवश्य जावे, आणि नंतर चर्चा झाल्यास केवळ वाहवा न करता, आपले लक्ष नेमके कोठे ढळले तेही लेखकाला निःसंकोच सांगावे.