अठ्ठ्याऐंशीव्या चेंडूचे गणित

सामना जिंकूनही एखादा संघ स्पर्धेबाहेर जाऊ शकतो का? २५ मे २०१४ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर हा प्रश्न अगदी एका चेंडूवर येऊन ठेपला होता. त्यामागचे गणित आठवीच्या वर्गातही शिकवता येईल, म्हणून ते येथे मांडत आहोत.

आयपीएलच्या साखळी फेरीतला तो अखेरचा सामना. चौथ्या जागेसाठी दोन दावेदार होते : १४ गुणांचा राजस्थान रॉयल्स आणि पहिले पाचही सामने हरून १२ गुणांपर्यंत चढत आलेला मुंबई इंडियन्स. विजयाचे २ गुण मिळाले की मुंबई बरोबरीत येणार आणि निर्णय निव्वळ धावगतीवर, म्हणजे नेट रन रेटवर होणार. राजस्थानने २० षटकांत १८९ धावा केल्या. सामना जिंकायला मुंबईला १९० धावा हव्या होत्या. पण राजस्थानला मागे टाकायचे तर त्या १४.३ षटकांतच करायला हव्या होत्या.

येथे पहिला सापळा आहे. १४.३ ही दशांश संख्या नव्हे. १४ षटके आणि ३ चेंडू, म्हणजे ८७ चेंडू, म्हणजेच साडेचौदा षटके. भागाकारात १४.३ नव्हे, १४.५ घ्यायचे.

दुसरा सापळा सरासरीचा. निव्वळ धावगती काढताना संपूर्ण स्पर्धेतल्या आपल्या एकूण धावांना आपल्या एकूण षटकांनी भागतात आणि आपल्याविरुद्धची तशीच धावगती त्यातून वजा करतात. संघ सर्वबाद झाला तर पूर्ण २० षटके धरतात. समजा, एका संघाने एका सामन्यात २० षटकांत २०० आणि दुसऱ्यात ५ षटकांत ७५ धावा केल्या. धावगती अनुक्रमे १० आणि १५. पुष्कळ विद्यार्थी सरासरी १२.५ सांगतील. प्रत्यक्षात २७५ भागिले २५, म्हणजे ११. कमी षटकांच्या सामन्याचे वजन कमीच पडते.

आता पुन्हा वानखेडेवर. कोरी अँडरसनने ४४ चेंडूंत नाबाद ९५ धावा फटकावल्या. ८७ चेंडू संपले तेव्हा मुंबईच्या धावा होत्या १८९. दुसरी धाव घेण्याच्या प्रयत्नात अंबाती रायुडू धावबाद झाला होता. एक धाव कमी पडली; संधी गेली, असेच अनेकांना वाटले. पण गणित संपले नव्हते. पुढच्या चेंडूवर पळून एक धाव काढली असती, तर सामना तेथेच संपून ८८ चेंडूंत १९० धावा झाल्या असत्या. विजय मिळाला असता, जागा मात्र गेली असती. पळून दोन-तीन धावा काढण्याचा मार्गच नव्हता, कारण पहिली धाव पूर्ण होताच सामना संपतो. चौकार किंवा षटकाराच्या मात्र सगळ्या धावा मोजल्या जातात. ८८ चेंडूंत १९३ धावा झाल्या तरी काम भागणार होते. नव्याने आलेल्या आदित्य तरेने पहिल्याच चेंडूवर षटकार मारला. धावा १९५, षटके १४.४. अंतिम तक्त्यात मुंबईची निव्वळ धावगती ०.०९५ होती, राजस्थानची ०.०६०. तीनच दिवसांनी मुंबई बाद फेरीत हरली, ही गोष्ट वेगळी.

बरोबरी सोडवायची हीच एक रीत आहे असे नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये १९५१ साली न्यूयॉर्क जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स यांचे प्रत्येकी ९६ विजय झाले, तेव्हा त्यांना आणखी तीन सामने खेळवून निकाल लावला गेला. जास्त न्याय्य काय? वर्गात यावर चर्चा घडवून आणावी.

प्रयोगही करता येईल. वाशीम जिल्ह्यात सहा तालुके आहेत. प्रत्येकाचा एक संघ धरला तर साखळीत किती सामने होतील? पंधरा. मुलांनी काल्पनिक धावसंख्या लिहून गुणतक्ता तयार करावा.

आणि एक आपल्यासाठी. अ तुकडीत ६० पैकी ३० विद्यार्थी उत्तीर्ण, ब तुकडीत २० पैकी १८. शाळेचा निकाल ५० आणि ९० यांची सरासरी ७० टक्के नव्हे. तो ६० टक्के आहे. फलकावर निकाल लिहिण्यापूर्वी हा भागाकार एकदा तपासून पाहावा.