एका पायाची सूज : एचआयव्ही आणि रक्ताच्या गुठळ्या (लेखांक ५)

फेब्रुवारी २०२१मध्ये कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात आधी जाणवली ती अमरावती-अकोल्याकडे. अमरावती आणि अचलपुरात २२ फेब्रुवारीपासून पुन्हा टाळेबंदी लागली आणि पुढच्या काही महिन्यांत ‘डी-डायमर’ हा शब्द वऱ्हाडात घरोघरी पोचला. रक्ताची गुठळी शरीरात विरघळते तेव्हा उरणारा हा प्रथिनाचा तुकडा. तो फार वाढला की कुठेतरी गुठळ्या होत असाव्यात, असा संशय डॉक्टर घेतात. एचआयव्हीच्या रुग्णांमध्येही डी-डायमरचा आकडा वाढलेला सापडतो, आणि उपचार नसतील तर तो वर्षानुवर्षं चढाच राहतो.

याचं एक मोठं मूळ आतड्यात आहे. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू आतड्याच्या आवरणातल्या सीडी-४ या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा फडशा पाडतो. आवरण दुबळं झालं की आतड्यातल्या जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि प्रतिकारशक्ती सतत चेतलेली राहते. अशा चेतलेल्या मोनोसाइट पेशींच्या अंगावर ‘टिश्यू फॅक्टर’ येतो. रक्त गोठण्याची सुरुवात करून देणारं प्रथिन ते हेच. दुसरीकडे गोठणं आवरणारं ‘प्रोटीन एस’ बऱ्याच रुग्णांत कमी आढळतं. म्हणून पायाच्या किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका वेगवेगळ्या अभ्यासांत इतरांपेक्षा दोन ते दहा पट दिसला आहे. सीडी-४ पेशींचा आकडा फार खाली गेलेला असेल, सोबत टीबी असेल, रुग्ण अंथरुणाला खिळला असेल, तर तो आणखी वाढतो.

एचआयव्हीच्या ३३ देशांतल्या ५,४७२ रुग्णांवरच्या ‘स्मार्ट’ अभ्यासाचे निष्कर्ष २००६मध्ये आले. सीडी-४ चांगला असताना एचआयव्हीच्या गोळ्या थांबवायच्या आणि तो २५०च्या खाली उतरला की पुन्हा द्यायच्या, असा एका गटाचा बेत होता. त्या गटात मृत्यू वाढले, हृदयविकारही वाढला, आणि अभ्यास मधेच आवरावा लागला. साठवलेलं रक्त नंतर तपासलं तेव्हा गोळ्या थांबवल्यापासून महिन्याभरातच डी-डायमर वाढलेलं आढळलं. मला हा निष्कर्ष वऱ्हाडासाठी सगळ्यांत मोलाचा वाटतो. या गोळ्या सरकारी उपचार केंद्रांत २००४पासून मोफत मिळतात. २०१७पासून सीडी-४ कितीही असला तरी निदान होताच सुरू होतात. तरी मेळघाटातून कामाला बाहेर पडलेला मजूर किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवू न शकणारी बाई महिनाभर केंद्रावर येत नाही. अंगात ताकद असते, त्यामुळे काही बिघडलं असं वाटतच नाही. रक्तात मात्र बदल सुरू झालेला असतो. कामाला बाहेर जायचं असेल तर केंद्रावर आधी सांगावं. जास्त दिवसांच्या गोळ्या देण्याची किंवा दुसऱ्या केंद्रातून घेण्याची सोय होऊ शकते.

बायकांच्या बाबतीत गुठळीच्या धोक्यात आणखी भर पडते. गरोदरपणात रक्त तसंही लवकर गोठतं, आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे सर्वांत नाजूक. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही धोका वाढतो. गरोदरपणात डी-डायमर आपोआप चढतं, त्यामुळे तेव्हा नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीतल्या गुठळीचं, म्हणजे हृदयविकाराच्या झटक्याचं चित्र तर डोळे उघडणारं आहे. अमेरिकेत २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एचआयव्ही असलेल्या पुरुषांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण इतर पुरुषांच्या १.४० पट होतं, आणि स्त्रियांत इतर स्त्रियांच्या जवळपास तिप्पट. तरीही छातीत दुखतंय म्हणणाऱ्या बाईला आपल्याकडे ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवतात. पुरुषांत बिडी-सिगारेट आणि न तपासलेला रक्तदाब ही नेहमीची जोड.

रक्त गोठण्याची उलटी बाजू, रक्तस्राव, हीही आहे. एचआयव्हीमुळे काहींच्या प्लेटलेट कमी होतात. कधी कधी आजाराची पहिली खूण तीच असते. हिरड्यांतून रक्त, अंगावर बारीक लाल ठिपके, पाळीत अतिरक्तस्राव. पावसाळ्यात प्लेटलेट उतरल्या की आपण डेंग्यू म्हणतो, आणि बहुधा ते खरंही असतं. पण आठवडे उलटूनही त्या वर येत नसतील तर एचआयव्हीची तपासणी करायलाच हवी. गोळ्या सुरू झाल्या की बहुतेकांच्या प्लेटलेट सुधारतात.

विदर्भात पाय सुजला की हत्तीपायाची शंका आधी येते, नाहीतर मुका मार म्हणून शेक देतात. गुठळीची सूज बहुतेकदा एकाच पायाला, काही तासांत किंवा दिवसांत येते. पोटरी दुखते, गरम लागते. असा पाय चोळू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठून कलर डॉपलर करून घ्यावं. सोबत एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखलं तर १०८ला फोन करावा.

आणि रुग्णालयातल्या डॉक्टरांना एचआयव्हीच्या गोळ्यांची नावं सांगावीत. रिटोनाविर असलेल्या औषधांसोबत रिव्हारोक्झाबानसारखं रक्त पातळ करणारं औषध दिलं तर रक्तातलं त्याचं प्रमाण वाढून रक्तस्राव होऊ शकतो. टीबीच्या रिफाम्पिसिनने उलट तेच औषध निकामी होतं. सध्या सर्रास दिल्या जाणाऱ्या डोल्युटेग्राविरची अशी अडचण सहसा येत नाही. गोळ्यांची नावं लपवणं लोकांच्या बोलण्याच्या भीतीपोटी होतं, हे समजण्यासारखं आहे. पण १० सप्टेंबर २०१८पासून लागू झालेल्या कायद्याने ही माहिती गुप्त ठेवणं रुग्णालयावर बंधनकारक केलं आहे. एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे.